जिन्याच्या भिंतीला तिसरा हात

पेंटर अबोल होता असं म्हटलं तर त्याची गिऱ्हाइकं हसतील. कुठल्या खोलीला कुठला रंग खुलेल यावर तो तासन्‌तास बोले. घरात पाऊल टाकलं की मात्र तोंडाला कुलूप. एकुलत्या एक मुलीशी तर "जेवलीस का?" आणि "दार लावून घे" याच्या पुढे त्याची गाडी कधी गेलीच नाही. जीव होता, पण विषय नव्हता.

आता मुलीला लांबच्या शहरात नोकरी लागली. महिन्याभरात ती निघणार. पेंटरला एकच घोर लागला. एका घरात राहून आपल्याला हिच्याशी बोलायला जमलं नाही, तर फोनवर काय डोंबल बोलणार?

तोड मुलीनेच काढली. ती पक्की पुस्तकवेडी. तिने बापाच्या फोनमध्ये वाचनालयाचं ॲप घातलं आणि इअरफोन त्याच्या हातात ठेवले. "बाबा, मी जे वाचते ते तुम्ही ऐकायचं. रोज ठरलेली प्रकरणं. पुढे पळायचं नाही. संध्याकाळी चहाला बोलू."

"मला काय कळतंय पुस्तकातलं?"

"भिंत रंगवताना कान रिकामेच असतात ना?"

त्याने इअरफोन कानात घातले. पहिलंच पुस्तक निघालं समुद्रप्रवासाचं. पेंटर शिडीवर चढून छत रंगवत होता आणि कानात वादळ सुटलं. त्याने एका हाताने शिडी घट्ट धरली ती सोडेचना. संध्याकाळी चपला काढता काढताच तो म्हणाला, "अगं, त्या कप्तानाला अक्कल आहे का? शीड आधीच उतरवायला नको?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दुसराच कोणी घरात शिरलाय अशा नजरेने बघत राहिली.

मग काय, सुटलाच तो. भुताच्या कादंबरीला रिकाम्या बंगल्यात एकटाच होता, तेव्हा आतल्या खोल्या सोडून त्याने आधी रस्त्याकडचा व्हरांडा रंगवून घेतला. प्रेमकथेला डोळे भरून आले तेव्हा घरमालकिणीला सांगितलं, रंगाचा वास फार उग्र आहे हो. कविता त्याला मानवल्या नाहीत. "ओळ संपते आणि भिंत अर्धीच राहते," असं त्याचं मत. आकाशातले तारे नोंदवत बसणाऱ्या एका बाईचं चरित्र मुलीला कंटाळवाणं वाटलं आणि पेंटरला ते जीव की प्राण. त्यावरून दोघं इतकी भांडली की चहाचं पार पाणी झालं. बायको म्हणाली, "आधी बोलत नव्हतात तेच बरं होतं." पण म्हणताना ती हसत होती.

शेवटचं पुस्तक खुनाचं. श्रीमंत म्हातारा मेलेला, आणि संशय वकिलावर, डॉक्टरवर आणि पुतण्यावर. पेंटरची खात्री होती की वकीलच. "फार गोड बोलतो तो." मुलीचा डोळा डॉक्टरवर. शेवटचं प्रकरण राखून ठेवायचं आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मोठ्याने वाचायचं, असं ठरलं.

त्या दिवशी पेंटर एका बाईंच्या घरी जिना रंगवत होता. भिंतींना रंगाचे दोन हात द्यायचे ठरले होते, ते देऊन झाले. सामान आवरता आवरता त्याने कानातलं पुस्तक बंद करायला हवं होतं. नाही केलं. शेवटचं प्रकरण सुरू झालं. आणि या माणसाची खोड अशी, की हात थांबले की कान बंद. नुसतं बसून त्याला एक वाक्य ऐकू येत नसे. त्याने रोलर पुन्हा रंगात बुडवला आणि खुनी सापडेपर्यंत एका भिंतीला तिसरा हात देऊन टाकला.

संध्याकाळी तो चेहरा साळसूद करून चहाला बसला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुलीने उचलला. जिन्यावाल्या बाई विचारत होत्या, दोनच हात ठरले असताना एका भिंतीला तिसरा का दिला, ती बाकीच्यांपेक्षा गडद दिसतेय.

मुलीने फोन ठेवला. "बाबा, तिसरा हात कशाला?"

"रंग उरला होता."

"आणि कानात काय चालू होतं?"

पेंटर कपात बघत बसला. महिनाभर ती एक पान पुढे गेली नव्हती. तिचा चेहरा उतरला.

"चोरून ऐकलं मी," तो म्हणाला. "तू वाचताना मला रडू येईल असं वाटलं. म्हटलं, शेवट आधीच ठाऊक असला तर नाही येणार. तू वाच. खुनी कोण ते मी सांगणार नाही."

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग तिने पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. खून केला होता म्हाताऱ्याच्या गरीब गाय वाटणाऱ्या नर्सने. मुलगी उडालीच. तिने मान वर केली तर बाप शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

"बाबा, तुम्हाला तर माहीत होतं."

"माहीत असून काही उपयोग होत नाही गं," पेंटर म्हणाला.

ती गेली. दुसऱ्या दिवशी पेंटरने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पुस्तक निवडलं. वाळवंट ओलांडणाऱ्या दोन भावांचं होतं. नाव मुलीला कळवलं आणि दिवसभर घड्याळाकडे बघत भिंती घासल्या. संध्याकाळी फोन वाजला तसा तो ताडकन उठला.

"झालं का पहिलं प्रकरण? तो धाकटा भाऊ खोटं बोलतोय, लिहून ठेव."

"काहीतरीच. थोरला खोटं बोलतोय."

"पाण्याची पिशवी कोणाकडे होती ते परत वाच जरा."

चहा केव्हाच निवला. बायको शेवटी त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो, ती जेवली का ते तरी विचारा."