तिसऱ्या पोरीचा हात

अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या दोन भाच्यांना घेऊन मे महिन्यात सांगलीला विश्रामबागेतल्या आमच्या घरी उतरले, तेव्हाच मला कळलं की आता ते वॉटर पार्क काही टळत नाही. माझी लेक सात वर्षांची. तिच्या वर्गातली सगळी पोरं म्हणे जाऊन आली होती. सगळी म्हणजे तीन, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं, पण उपयोग झाला नाही. भाच्या आल्यावर तिची बाजू आणखी भक्कम झाली. एक दहा वर्षांची, एक आठ. त्यांचा बाप, म्हणजे माझा भाऊ, फौजेत, लांब कुठल्यातरी थंडीत. त्याच्या पोरींना सुट्टीत काहीतरी दाखवायला नको का, असं माझा नवरा म्हणाला आणि विषय संपला.

मला पाण्याची भीती वाटते. उगाच नाजूकपणा नाही, खरी भीती. मी वडूजकडची. आमच्याकडे पाणी आम्ही भरलं, डोक्यावरून आणलं, त्यावरून शेजाऱ्यांशी भांडलो. पण त्यात उतरलो कधीच नाही. उतरण्याइतकं ते नसायचंच. नवरा सांगलीचा, लहानपणी कृष्णेच्या घाटावरून उड्या मारलेला. "गुडघाभर पाणी असतं गं," तो म्हणाला. गुडघा कोणाचा, हे मी विचारलं नाही.

सकाळी गाडीत बसतानाच त्याने नियम सांगितला. "सुट्टीची गर्दी असणार. दर अर्ध्या तासाने पोरी मोजायच्या."

मागून अण्णा म्हणाले, "मोजायचं न्हाई."

"का हो अण्णा?"

"जित्या जिवाला मोजू नये. जलमभर मेंढरं मोजली न्हाईत, आन आता लेकरं मोजायची व्हय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. अण्णांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा कळप विकला, आता चार शेरडं आहेत आणि ती आई सांभाळते. कळप होता तेव्हा संध्याकाळी अण्णा वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभे राहायचे. दीडदोनशे मेंढरं त्यांच्या पायाजवळून आत जायची. अण्णा नुसते बघायचे. शेवटचं आत गेलं की म्हणायचे, "आली." किंवा म्हणायचे, "ती लंगडी ऱ्हायली." आकडा कधी तोंडातून निघाला नाही. मी शाळेत शंभरपर्यंत शिकून आले, तेव्हा मोठ्या ऐटीत बोट नाचवत कोकरं मोजली. अण्णांनी माझ्या गालावर पाची बोटं उठवली. त्यांनी मला मारलं ते तेवढंच.

आता मी स्वतः शाळेत शिकवते. सहलीला गेल्यावर पोरं मोजण्यात माझा कोणी हात धरणार नाही. म्हणून अण्णांना मी काही बोलले नाही आणि मनातल्या मनात मोजायचं ठरवलं. मनातलं कोणाला ऐकू येतं?

पार्क महामार्गाला लागूनच होतं. दहा वाजायच्या आत रांग रस्त्यापर्यंत आलेली. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येईना. आत गेल्यावर सगळ्यांना एकाच खिडकीतून कॉश्च्युम भाड्याने घ्यायचे होते: गडद निळा, बाहीवर पिवळी पट्टी, आणि निळी रबरी टोपी. स्वतःचे कपडे घालून पाण्यात जायला मनाई. मलाही ते अंगाला चिकटणारं नायलॉन चढवावं लागलं आणि मी दहा मिनिटं टॉवेल सोडेना. मोठी भाची म्हणाली, "आत्या, कोण बघतंय तुला?" खरंच होतं. आत हजारभर माणसं एकाच ताग्यातून फाडल्यासारखी निळी दिसत होती.

अण्णांना धोतरावर पाण्यात सोडणार नव्हतेच. ते कठड्याच्या अलीकडे बाकावर पिशव्या घेऊन बसले. त्या सगळ्या निळ्यात त्यांचा लाल पटका कुठूनही दिसायचा. "पोरींनो, चुकलात तर लाल पटका बघायचा," मी बजावलं. तिघी टोप्या घालून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा पाठीमागून मला माझी लेक कोणती ते पटकन कळेना. मी हसले. अण्णा हसले नाहीत.

दुपारपर्यंत मी प्रत्येक घसरगुंडीखाली उभी होते. वरून पोर सुटली की माझा जीव घशात यायचा आणि ती पाण्यातून डोकं वर काढेपर्यंत तिथेच राहायचा. एक, दोन, तीन. मनात म्हणायचे आणि श्वास सोडायचे. नवरा मजेत होता. जेवणानंतर तो त्या उंच नळीत जायच्या रांगेत लागला, आणि मी तिन्ही पोरींना घेऊन वेव्ह पूलला आले.

काठाला पाणी घोट्याएवढं आणि पुढे उतरत गेलेलं. मी गुडघ्यापर्यंत गेले आणि थांबले. लेकीचा डावा हात माझ्या उजव्या हातात. भाच्या माझ्या पुढे. अण्णा कठड्याशी येऊन उभे राहिले होते.

भोंगा झाला. मला वाटलं, काहीतरी घडलं. घडलं इतकंच की लाटा सुरू होणार होत्या, आणि तो भोंगा ऐकून काठावरची सगळी माणसं आरोळ्या ठोकत एकदम पाण्यात घुसली. मागून लोंढा आला. कोणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसलं. समोरून पहिली लाट आली ती थेट छातीवर. पायाखालची फरशी गेली, नाकात पाणी, आणि हातातला हात गेला. किती वेळ? एक श्वास. मी चाचपडले, हात सापडला, ओला, लहान, गार. मी तो धरला आणि डोळे मिटून उभी राहिले. लाटेमागून लाट. मी काय काय देव आठवले ते आता आठवत नाही. शेवटी लाटा थांबल्या. डोळे उघडले. भाच्या समोर, खिदळत. हातात हात. एक, दोन, तीन.

"चला गं बाहेर, बास झालं," म्हणत मी काठाकडे वळले. कठड्यापाशी आले तर अण्णांचा चेहरा कसातरीच झालेला.

"ही आपली न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"ही चाल आपली न्हाई. आपली पोर कुटंय?"

मी खाली बघितलं. निळी टोपी, पिवळी पट्टी, आणि टोपीखाली एक अनोळखी तोंड. गोल, सावळं, वरचे दोन दात पडलेलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ थरथरत होते.

मी तिचा हात सोडला. सोडला म्हणणं माझ्या सोयीचं आहे. मी तो झटकला, अंगावर काही चढलं तर झटकावं तसा, आणि पाण्याकडे धावले.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी तिच्या नावाने ओरडत होते आणि वरच्या कर्ण्यावरचं गाणं माझा आवाज गिळत होतं. एकेका पोरीचा खांदा धरून फिरवत होते. ही नाही. ही नाही. एका बाईने मला ढकललं. लाइफगार्ड शिट्टी मारत आला. "काय घातलंय?" त्याने विचारलं. "निळा कॉश्च्युम. निळी टोपी." त्याने एकदा तलावाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शिट्टी पुन्हा तोंडात घातली. ती वर नसेल तर खाली असेल, हे मला तेव्हा सुचलं. मी, जिने आयुष्यात कधी पाण्यात तोंड घातलं नव्हतं, छातीएवढ्या पाण्यात डोळे उघडे ठेवून बुडी मारली. खाली नुसते पाय दिसले. शेकडो पाय, हिरवट, उड्या मारणारे. मी पुन्हा खाली गेले. पुन्हा पाय. मोजू नये ते मी मोजलं होतं, सकाळपासून, दहा वेळा. मला दुसरं काही सुचेना. शिकलेली बाई, पण त्या पाण्यात मला अगदी खात्री पटली की हे मीच केलं.

वर आले तेव्हा अण्णांची हाक ऐकू आली. ते कठडा ओलांडून धोतरासकट पाण्यात उतरले होते. दोन्ही भाच्या त्यांच्या धोतराला धरून रडत होत्या, आणि अण्णांच्या उजव्या हाताशी ती अनोळखी पोर. एक गार्ड त्यांच्यावर ओरडत होता. ते हलत नव्हते.

"उभी ऱ्हा! पळू नगं!" ते मला ओरडून सांगत होते. "हितं ये, हितं उभी ऱ्हा माझ्याजवळ!"

मला वाटलं, म्हातारा भ्रमला. माझी पोर बुडते आहे आणि हा परकी पोर धरून उभा आहे. मी त्यांना काहीतरी वाईट बोलले. काय ते लिहीत नाही. पुन्हा पाण्यात शिरले.

दहा मिनिटं गेली असतील. मग भाचीची किंचाळी ऐकू आली, "आत्या! आत्या, आली!"

पलीकडच्या काठावरून एक बाई धावत येत होती. धावत म्हणजे पाणी तुडवत, पडत, उठत. तिची टोपी कुठेतरी गेली होती, केस तोंडावर आलेले. तिच्या हाताला धरलेली माझी लेक. बाईची नजर अण्णांच्या पटक्याकडे होती आणि पटक्याच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या पोरीकडे. ती आली आणि पोरीवर कोसळलीच. मी माझ्या लेकीला उचललं, इतकं आवळलं की ती खोकायला लागली. आम्ही दोघी बायका गुडघाभर पाण्यात बसून हुंदके देत होतो आणि आमच्या भोवतीने लोक पुढच्या भोंग्याची वाट बघत नाचत होते.

ती फलटणकडची होती. पहिल्या लाटेत तिचाही हात सुटला होता, आणि पुन्हा धरला तेव्हा तो माझ्या लेकीचा होता. बाहेर गेल्यावर तिला कळलं. मग ती गेटपर्यंत पळाली, ऑफिसात गेली, परत आली. "तुमची पोर लाल पटका, लाल पटका म्हनत हुती," ती म्हणाली. "म्हनून हिकडं आले." तिने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "ताई, तुमी माझ्या लेकीचा हात सोडला न्हाई. तुमी सोडला असता तर कुटं घावली असती ती मला?"

अण्णा शेजारीच उभे होते. धोतरातून पाणी गळत होतं.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.

तिची पोर आईच्या मागून माझ्याकडे बघत होती. दात पडलेलं तोंड बंद करून, एकटक. सात वर्षांच्या पोरीला सगळं कळतं, हे मला शाळेत रोज दिसतं.

परतताना नवरा गाडी चालवत होता. सगळं कळल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने विचारलं, "अण्णा, तुम्ही शोधायचं सोडून तिथेच का उभे राहिलात?"

अण्णा ओलं धोतर गुडघ्यावर घेऊन मागे बसले होते. "पान्यावर दोन कळप मिसळत्यात," ते म्हणाले. "परकं कोकरू आपल्यात आलं की आपलंबी तिकडं गेलेलं असतंय. तवा पळायचं न्हाई. हाय ते धरून ठिवायचं. त्याची मेंढी हुडकत येती, आन तिच्या मागनं आपलं येतंय. सोडलं की दोन्ही जात्यात."

"म्हणजे हिने त्या पोरीला धरून ठेवलं म्हणून वाचलो," नवरा म्हणाला. तलावाच्या कठड्याशी काय झालं ते त्याने बघितलं नव्हतं.

मी अण्णा काय बोलतात याची वाट बघितली. ते खिडकीबाहेर बघत होते. "व्हय," ते म्हणाले. मला त्या एका शब्दापेक्षा पाची बोटं गालावर परवडली असती.

घरी आल्यावर लेकीला अंघोळ घालायला घेतली. ती तांब्याला घाबरली, म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसत होते. डाव्या मनगटापाशी आले आणि थांबले. एका बाजूला चार निळसर वळ, दुसऱ्या बाजूला एक, अंगठ्याचा.

"दुखतंय का गं?"

"थोडं," ती म्हणाली. "त्या काकूंनी खूप जोरात धरलेलं. मी सांगितलं त्यांना, तुम्ही माझी आई नाही, सोडा. त्या रडत होत्या आणि नाही बाळा, नाही सोडणार म्हणत होत्या."

ते वळ चार दिवस राहिले. पहिल्या दिवशी निळे, मग हिरवे, मग पिवळट. मी रोज तेल लावत होते आणि रोज फलटणकडच्या त्या पोरीच्या मनगटाचा विचार करत होते. त्यावर माझं एकही बोट उठलं नसेल.