बिनकाट्याची रासबेरी

कोरियाच्या उल्लुंग बेटावर सुनेला तिच्या माहेरगावावरून हाक मारतात. समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या पोहांगहून लग्न होऊन आलेली माल्सुन चाळीस वर्षं इथे राबली, तिला नातवंडं झाली, तरी गावाच्या लेखी ती अजून ‘पोहांगवाली’च. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

यंदा तिच्या कुंपणावरची रासबेरी बघायला वनस्पतींचा एक अभ्यासक आला.

“आजी, ही मुळात पलीकडच्या मुख्य भूमीवरची. इथे हिला कुरतडायला हरणं नव्हती, म्हणून हळूहळू हिचे काटे गेले. आता आम्ही हिला वेगळी प्रजाती मानतो, खास या बेटाची.”

“किती वर्षं लागली हो तिला?”

“हजारो.”

“मग मला अजून जरा थांबायला हवं.”

ओसरीवर रानलसणाची पानं निवडत बसलेल्या नव्वदीच्या सासूबाईंना एरवी हाक मारली तरी ऐकू येत नाही. हे मात्र नीट ऐकू आलं.

“वर्षांचं काय घेऊन बसलीस? तिचे काटे गळले, म्हणून ती आमची झाली. तुझे कुठे गळलेत, पोहांगवाली?”

माल्सुनने शांतपणे पानांची टोपली उचलली.

“गळले असते, आई. पण तिला इथे कुरतडणारं कुणी नव्हतं.”