आढ्याचा आवाज

आमचं मालक जोतीराम सुतार. वडूजपासनं औंधापतुर कुठं जुनं घर उतरवून त्याचं लाकूड परत वापरायचं असलं की पयलं बोलावणं यांस्नी. लाकडाच्या एका टोकाला कान लावायचं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी हातोडीनं ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं, दबका आला तर आतनं किड्यानं खाल्लेलं. चाळीस वर्षं ह्या कानावर आमची चूल पेटली. आन् दोन वर्षांखाली ते कानच गेलं. ठावं फकस्त मला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गिऱ्हाईक आलं की मीच म्होरं व्हऊन बोलायची. लोक म्हणायची, शालूबाईचं तोंड लय चालतं. म्हणू देत, म्हणलं.

मग बयाबाई मेंढकीची नात उत्कर्षा पुण्यास्नं शिकून आली. तिला आजीच्या ओव्या आन् धनगरांच्या गजी नाचाचं ढोल रेकॉर्ड करायला माळावर खोली बांधायची व्हती, सगळी जुन्या सामानाची. पडक्या शाळंची कौलं, मोडक्या गोठ्याच्या विटा, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर जुनी घोंगडी. उंब्रजच्या एका उतरलेल्या घराचं आढं, छपराचा भार पेलणारं मधलं लांब लाकूड, आणलं. तिनं कागदावर खोली आखली ती त्याच्याच मापानं. आढं जेवढं, खोली तेवढी.

मालकांनी आढ्याला कान लावला. पोरीनं पल्याड हातोडी मारली. मालक म्हणलं, "ठणठणीत हाय."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत व्हते.

घरी आल्यावर मी कानाशी वरडले, "आवं, खरंच ऐकू आलं का?" तर म्हणत्यात, "हाताला कळतं." काय कळतंय हाताला, डोंबल. पर मी तरी कुठं कुणाला सांगितलं? आढं चढलं, वासं बसलं, कौलं चढली. त्या दिसापासनं घास गोड लागला न्हाई. वारं सुटलं की मी माळाकडं बघायची. मालक रोज जाऊन आढ्याखाली मान वर करून बसायचं. त्यांस्नीबी भ्या वाटत व्हतं, हे मला तवाच कळलं.

ऐतवारी बारा ढोल वाजणार व्हतं. शनिवारी दुपारी मी खोली झाडाया गेले. बयाबाईसाठी मधोमध सतरंजी हातरलेली. तिच्यावर पिठागत बारीक भुसा. झाडला, चहा पिऊन आले, तर परत तेवढाच. मी मान वर करून आढ्याकडं बघितलं.

मी उत्कर्षाला गाठलं. "पोरी, तुज्या काकांस्नी ऐकू येत न्हाई. त्या दिवशीबी आलं नव्हतं." बोलले आन् वाटलं, आपल्याच हातानं नवऱ्याची इज्जत चव्हाट्यावर मांडली.

पोरगी रागावली न्हाई. शिडीवर चढून तिनं आढ्याला इवलासा माईक चिकटवला, मालकांस्नी बोलावून त्यांच्या कानांवर हेडफोन घातलं आन् आवाज वाढवत गेली. वाढवता वाढवता मालकांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कुरतडतंय," ते म्हणलं. "लय हायत."

त्यांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिलं. दारात उद्याच्या तालमीला ढोलवाली पोरं आन् बयाबाई आलीच व्हती. सगळ्यांम्होरं मालक म्हणलं, "आत कुणी येऊ नका. मला ऐकू येत न्हाई, दोन वर्षं झाली. मी खोटं बोललो. कौलं उतरवा."

दिस बुडायच्या आत कौलं उतरली, मग वासं. आढं दोरानं खाली सोडताना मधनंच मोडलं. आत लाकूड नव्हतंच, नुसतं पीठ. ते सांडलं सतरंजीवर.

बयाबाई त्या सतरंजीकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता मालक माझ्यावर डोळं काढणार. ते माझ्याजवळ आलं, खांद्यावरनं कौलांची धूळ झटकली आन् म्हणलं, "शालू, आता चारचौघांत माझ्याशी मोठ्यानं बोलत जा."