नळीवरचा आकडा

बंदुकीच्या नळीवर कोरलेला मापाचा आकडा दाऊदचाचांनी कधी खरा मानला नाही. कतारमधल्या दोहा शहरातल्या परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी चार वर्षं त्यांच्या शेजारी काम केलं. ते राजापूरचे, मी कराडचा. अख्ख्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. "लिहिणारा लिहून गेला. आता नळी काय म्हणते ते बघ," असं म्हणून ते कामाला लागायचे.

एकदा एका कतरी गिऱ्हाइकानं आजोबांची लिव्हरची रायफल आणली. घोड्याखालची कडी खालीवर केली की नवं काडतूस चढतं, तसली. तिच्यासाठी काडतुसं मागवायची होती. मी नळीवरचा आकडा फॉर्मवर टाकला आणि मोकळा झालो. चाचांनी फॉर्म सरळ फाडला. रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा बघितलं. अल रुवैस बंदरातल्या कोळ्याकडून आणलेलं गळाचं शिसं तेल लावून नळीच्या तोंडात ठोकलं आणि पितळी दांडीनं हळूहळू मागपर्यंत ढकललं. बाहेर पडलेल्या शिशावर नळीचा आतला ठसा उमटला होता. तो त्यांनी मायक्रोमीटरनं तीनदा मोजला. नळी झिजून आकड्यापेक्षा चांगलीच मोठी झाली होती.

"वाचून भागलं असतं तर अल्लानं हात कशाला दिले रे?" ते म्हणाले. मला राग आला होता, तरी नवा फॉर्म घेऊन त्यांनी मोजलेलं माप लिहिलं.

फरीज बिन ओमरान वस्तीत आमची खोलीही एकच. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा स्पीकरवर गावी फोन लावायचे.

"कशी हायस?"

"बरी हाय," तिकडून जुलेखाचाची म्हणायच्या. मग त्याच विचारायच्या, जेवलात का, औषधं घेता का, खलास. दोन मिनिटांत फोन खाली. उरलेला शुक्रवार चाचा खिडकीशी बसून काढायचे.

"चाची बोलताना दमतात, चाचा. एकदा जाऊन या," मी एकदा म्हटलंही.

"ती म्हणते ना, बरी हाय. हिवाळ्याचं काम संपलं की जातो, इन्शाल्ला." असे दोन हिवाळे गेले.

मग एका मंगळवारी चाचांच्या भावाचा फोन आला. चाची गेल्या. दोन वर्षं आजारी होत्या. यांना कळवू नका म्हणून त्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती. विमान मिळेपर्यंत मातीही होणार होती. चाचा बॅगेत कपडे कोंबत होते.

"तीस वर्षं एकाही नळीवर विश्वास ठेवला नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिच्या तेवढ्या 'बरी हाय'वर ठेवला. मोजायला गेलोच नाही रे मी."

ते परत आले नाहीत. आता खोलीत मी एकटाच. त्या रायफलीचं शिसं माझ्या टेबलावर असतं. दर शुक्रवारी मी राजापूरला फोन लावतो.

"कसे आहात, चाचा?"

"बरा हाय."

पुढच्या महिन्यात सुट्टी टाकलीय. कराड नंतर, आधी राजापूर.