मामांनी खूण केलेली पट्टी

"सेम टू सेम आहे मामा, डोळे झाकून घेऊन जा."

"डोळे झाकून तेल कसं बघू मंग?"

नवीन जालन्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात माझे भानुदासमामा एक डिपस्टिक उन्हात धरून उभे होते. इंजिनात ऑईल किती आहे ते दाखवणारी ही लांब पट्टी. मामांच्या ट्रकची मूळची पट्टी तुटली होती. ट्रकचं इंजिनही मूळचं नव्हतं, दुसऱ्या जुन्या गाडीचं काढून बसवलेलं. त्यामुळे नळीत बरोबर जाणारी पट्टी मिळाली, तरी तिच्यावरची खूण या इंजिनाची आहे की नाही, हे कोणालाच सांगता येईना. दुकानदार वैतागला. मामांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. इंग्रजी शाळेत हाये. पण बोलणार न्हाई. बिनहॉर्नची गाडी हाये आमची." सगळे हसले. मी दप्तराचा पट्टा सारखा करत राहिले.

मामांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मामांनी ट्रक घेतला, पण त्याच्याविषयी बोलत ते मेंढरांसारखंच. "पाजल्याबिगर वाटंला लावायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळी चहाच्या आधी पट्टी काढायची, पटक्याच्या शेवाला पुसायची, पुन्हा बुडवायची आणि जवळ जो असेल त्याच्या नाकासमोर धरायची. "बघ, बराबर हाये का न्हाई?" मामी म्हणायची, "माझा ताप कधी बघितला न्हाई एवढा." यावर मामांचं उत्तर ठरलेलं. "तुला बोलता येतंय. तिला येतंय का?"

दुकानातून आणलेल्या पट्टीवर मामांनी स्वतःच खूण केली. जुनं ऑईल सगळं काढलं, फिल्टर बदलला, इंजिनाला लागतं तेवढंच नवं ऑईल मोजून ओतलं. इंजिन थोडं चालवून बंद केलं, ऑईल खाली उतरू दिलं आणि पट्टीवर जिथपर्यंत ते आलं तिथे कानशीने रेघ मारली. रीत अगदी बरोबर होती. फक्त हे सगळं त्यांनी घरापुढच्या उतारावर केलं. ट्रकचा स्टार्टर अशक्त होता. गाडी ढकलून चालू करता यावी म्हणून ती कायम तिथेच, तोंड खाली करून उभी असायची. मामा रोज पट्टी बघायचे तेही तिथेच. त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

मग मामांचे गुडघे गेले आणि ट्रक दत्तादादाकडे आला. दत्तादादा म्हणजे त्यांचा मुलगा. उसाच्या हंगामात तो अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ऊस वाहायला गेला. दिवसचे दिवस गाडी तिकडच्या सपाट मैदानात, रांगेत. एका खेपेला भरल्या गाडीचं इंजिन वाटेतच बसलं. मिस्त्रीने खोललं तर ऑईल फारच कमी निघालं.

"मी रोज पट्टी बघत होतो, आबा. खुणेपर्यंत तेल होतं."

"खोटं बोलू नको," मामा म्हणाले. अंगणात सगळं भावकीतलं माणूस जमलं होतं. "पट्टी खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतंय."

ट्रक भंगारात गेला. दादा जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. गावात त्याचं नाव पडलं ते पडलंच. लग्नाची बोलणी निघाली की कोणीतरी हळूच म्हणायचं, बापाच्या गाडीचं इंजिन जाळणारा तोच ना.

मागच्या उन्हाळ्यात मी गावी गेले, तेव्हा मामांनी मला हाक मारून बाहेर नेलं. ट्रकच्या जागेवर, त्याच उतारावर, आता मेंढरांना पाणी पाजायची लांब डोणी होती. मामा काठीने दाखवू लागले.

"ह्या टोकाला बघ, काठोकाठ. त्या टोकाला बूड दिसून राह्यलंय. पाणी तेवढंच."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. उतारावर ऑईल पुढे गोळा होत होतं, आणि पट्टी होती इंजिनाच्या मागच्या बाजूला. रेघ फार खाली पडली होती. सपाट जागेवर त्या रेघेपर्यंत ऑईल दिसलं, म्हणजे ते कमीच होतं.

"दत्ता खरं बोलला व्हता," मामा म्हणाले.

"मग सांगा ना त्याला."

"सांगतो. दिवाळीला येऊ दे. तू मधी बोलू नको, माझं मला बोलू दे."

पण थोड्या वेळाने त्यांनीच मला दादाला फोन लावायला सांगितला. जेवलास का, तिकडं ऊन किती, मेंढी व्याली, असं सगळं ते दादाशी बोलले. मी शेजारी उभी राहून वाट पाहत होते. "बरं, ठेवतो," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाण्याकडे बघत बसले. एवढा बोलका माणूस. त्या एका वाक्यापाशी त्यांची जीभ उचलत नव्हती.

दिवाळीच्या आधीच मामा गेले.

तेराव्याला दादा पंगतीत पाणी वाढत होता. मामीचे भाऊ शेजारी बसलेल्याला म्हणाले, "गाडी गेली तवाच खचला व्हता माणूस. पोरानं तेल बघितलं असतं तर." दादाने ऐकलं. त्याच्या हातातला जग थोडा थांबला आणि तो पुढच्या पानाकडे सरकला.

मी उभी राहिले. आवाज माझाच मला अनोळखी वाटला.

"दादा रोज तेल बघत होता," मी म्हणाले. "पट्टीवरची खूण मामांकडून चुकली होती. त्यांनीच मला सांगितलं. दादाला ते स्वतः सांगणार होते. त्यांना जमलं नाही."