ई-क्लासवरचा गोल्फ

माझे जावई पुण्याहून आले ते गाडीच्या डिकीत गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊनच. सुट्टीतही सराव मोडायचा नाही म्हणाले. आमच्या मोताळ्याकडे गोल्फचं मैदान नाही, पण गावाबाहेर ई-क्लास आहे, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन. तिथे कोणीही जावं, काहीही करावं, आणि गाव करतंही. याहून सार्वजनिक मैदान कुठे मिळणार?

सकाळी आम्ही सब्बलीने नऊ भोकं खणली आणि प्रत्येकात चिंधी बांधलेली कपाशीची एकेक वाळकी पऱ्हाटी रोवली. नियम जावईबापूंनी सांगितले. चेंडू पडेल तिथूनच मारायचा, हातापायाने सरकवायचा नाही, आणि आपले फटके आपणच मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. पंच नसतो. मी मनापासून हसलो. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातला बराच काळ दहावीच्या परीक्षेत पोरांच्या बाह्या आणि खिसे तपासण्यात गेला. पर्यवेक्षकाशिवाय माणूस सरळ वागतो, हे पुण्यातच सुचू शकतं.

निघताना बायकोने बजावलं होतं, "जावयाले हरवून घरी आनू नका." आमच्याकडे जावई सासुरवाडीला पत्त्यांतसुद्धा हरत नाही, हुकमाचं पान दाबून सासरे गरीब चेहऱ्याने बसतात. मीही तसंच ठरवलं होतं. पण माझा फटका चुकला की जावईबापू "छान, बाबा" म्हणू लागले, आणि तेही मी बालवाडीत चित्र रंगवतोय अशा आवाजात. तिसऱ्या भोकापर्यंत मी सोसलं. पाचव्यानंतर मला जिंकायचंच होतं. त्यांना हिरवळीची सवय, मला ढेकळांची. आठव्या भोकाला आम्ही बरोबरीत आलो.

नवव्याला माझा चेंडू बाभळीच्या झुडपात, पार बुडाशी जाऊन बसला. तिथून काढायला दोन फटके तरी वाया गेले असते. जावईबापू लांब होते, पाठमोरे. मी चपलेच्या टोकाने चेंडू हळूच उघड्यावर ढकलला. मान वर केली तर झुडपापलीकडे बकऱ्या, आणि त्यांच्यामागे काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला त्यांचा मालक. चाळिशी उलटलेला. मी त्याला ओळखलं. दहावीत गणिताच्या पेपराला त्याच्या बाहीतून चिठ्ठी मीच काढली होती आणि सगळ्या वर्गासमोर हात उंच करून दाखवली होती. त्यानंतर तो शाळेकडे फिरकला नाही.

मी फटका मारला आणि एका फटक्याने जिंकलो. जावईबापूंनी मला मिठी मारली, अगदी खऱ्या आनंदाने. मग काठ्या ठेवायला ते गाडीकडे गेले, तेव्हा तो जवळ आला. आधी वाकून पाया पडला.

"सर, मी कोनाले नाई सांगत," तो म्हणाला. "तवा तुमी बी नसतं सांगतलं, त चाललं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी शरमलो, आणि मान वर करेपर्यंत तो बकऱ्यांमागे निघूनही गेला होता.

घरी बायको माझ्यावर धुसफुसत पोळ्या लाटत बसली. जावईबापू मात्र भेटेल त्याला माझं कौतुक सांगत होते. संध्याकाळी त्यांनी एक छापील कार्ड पुढे केलं. त्यावर माझे फटके लिहिलेले होते, मी सांगितले तेवढेच. खेळाची रीत आहे, म्हणाले, आकडे खरे आहेत अशी खाली सही करायची.

पोरांच्या उत्तरपत्रिकांवर मी जन्मभर सह्या केल्या, ठळक आणि वळणदार. त्या कार्डावरही तशीच केली.