पहिल्या वळणावरची केळी

गुडघा बदलून पाच महिने झाले आणि मी जाहीर केलं, "बोरिवलीच्या जंगलात फुलपाखरं मोजायला जाणार." आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बाल्कनीत मोज ना." पण नावं नोंदवली त्यांनीच, दोघांची.

रविवारी नाहूरहून रिक्षा केली. लिंक रोड मोकळा होता, चारशेच्या आसपास झाले. जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि फार लवकर पोचू नका. ऊन चढल्याशिवाय फुलपाखरं उठत नाहीत, अगदी आमच्या ह्यांच्यासारखी. त्या दिवशी मात्र मी चहा घेत होते तोवर हे पिशवी घेऊन "वाट बघून येतो" म्हणत पुढे गेले.

आमच्या गटात आम्ही दोघं आणि फुलपाखरांवर संशोधन करणारी रेणुका. तिने नियम सांगितले. ठरलेली एक किलोमीटरची वाट, एकाच चालीने चालायचं, समोर आणि आजूबाजूला दिसतील तेवढीच टिपायची. मधेच कोणी बसलं तर मोजणी वाया. मला धास्ती तेवढीच होती.

पहिल्या वळणावर एका दगडावर सात-आठ बॅरन जातीची फुलपाखरं आणि चक्क दोन नवाब! मी भराभर रेघा ओढायला लागले. रेणुकाने खाली वाकून वास घेतला.

"काका, इथे केळी कुणी कुस्करली?"

ह्यांचा चेहरा पडला. "मीच. म्हटलं, हिला जरा जास्त दिसतील."

"वाट लागली ना आकड्यांची! ती आपणहून आली तरच मोजता येतात." तिला हसूही येत होतं, पण कागदावर काट मारलीच. "आता पलीकडच्या वाटेवर पहिल्यापासून सुरू करू. काकू, तुम्ही बसा हवं तर."

मला इतकी लाज वाटली, की सगळ्यांत आधी मीच निघाले. ती वाट शेवटपर्यंत चालले. गुडघा कुरकुरत होता, त्याला म्हटलं, गप बस. फुलपाखरं दिसली अकरा. कागदावर रेणुकाने माझी सही घेतली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्या अकरांतली कुठली कशी होती, आता नीट आठवत नाही. राहिलं ते घरी आल्यावरचं. हे माझ्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. मी चिडवलं, "अहो, केळी ठेवायचीच होती तर सगळ्या वाटेवर ठेवायची. पहिल्या वळणावरच का?"

त्यांनी पिशवी गुडघ्यावर जरा वर सरकवली.

"मला वाटलं, तू तिथवरच येशील."